उजवीकडून येणारा उजेड

सातव्या स्लाइडमध्ये देठाची सावली डावीकडे पडली होती. उरलेल्या नऊ स्लाइड्समध्ये ती उजवीकडे होती. सावली म्हणजे शाईच्या ठिपक्यांची एक बारीक पट्टी. स्लाइडवर तिची रुंदी अर्धा मिलिमीटरही भरत नव्हती. एकटी स्लाइड पाहिली असती तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण दहाही उजेडपेटीच्या दुधी काचेवर ओळीनं मांडल्या, की डोळा सातव्यावर अडखळत होता. कुंदा तेलंगांचाही अडखळला.

"ही उलटी बसवलीय तुझ्या स्टुडिओवाल्यानं," त्या म्हणाल्या आणि भिंग डोळ्यापासून न हलवता त्यांनी ती स्लाइड दोन बोटांनी पलटली.

पलटल्यावर चित्राखालच्या मोजपट्टीचे आकडे उलटे झाले. त्यांनी ती पुन्हा पहिल्यासारखी ठेवली आणि भिंग खाली ठेवलं.

"सरळच होती की."

"हो."

"मग हिच्यात उजेड उजवीकडून कसा?"

"मी डावखुरी आहे," मी म्हणाले.

ही गोष्ट २००१ च्या मार्चमधली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि कोल्हापूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत होते. तेलंगबाई पुण्याच्या. कलावंतांना अनुदानं देणाऱ्या एका संस्थेच्या निवड समितीवर वीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून लोकांचे अर्ज नीट करून देत होत्या. "वीस वर्षं अर्ज नाकारले, त्याचं प्रायश्चित्त घेतेय," असं सांगायच्या. कोल्हापुरात त्यांचं भाषण झालं तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून टिपणं काढली होती. नंतर धीर करून पत्र लिहिलं. उत्तरादाखल कार्ड आलं: दहा स्लाइड्स आणा, फॉर्म कोरा आणा, नवऱ्याला आणू नका.

नवरा मला नव्हता. बाकी दोन्ही गोष्टी मी नेल्या होत्या.

बाईंनी एकेका स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट वाचायला घेतली. "माप लिहिलंयस. साडेतेवीस बाय सोळा सेंटिमीटर. साल लिहिलंयस. शाई कुठली, कागद कुठला, सगळं आहे. झाडाचं नाव लॅटिनमध्ये. आणि तुझं नाव कुठाय?"

"ते राहिलं."

"दहाही स्लाइड्सवर राहिलं?"

मी पिशवीतून ग्रंथ काढून त्यांच्यासमोर ठेवला. नेच्यांवरचा ग्रंथ, सह्याद्रीतल्या चौसष्ट जातींची वर्णनं आणि चौसष्ट चित्रं. बाईंनी पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचलं, "लेखन आणि चित्रे, डॉ. अनंत उकिडवे." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं. तर चोर कोण? हे, की तू?"

"चोरी नाही ती, बाई. पद्धत होती."

"कसली पद्धत?"

मी समजावून सांगितलं. विभागात काम वाटून व्हायचं. जंगलातून नमुना एक जण आणायचा, दाबून वाळवायचा दुसरा, सूक्ष्मदर्शकाखाली काप घ्यायचा तिसरा. चित्र माझ्याकडे. नाव सरांचं, कारण प्रकल्प सरांचा. माझ्या आधी एक कुलकर्णी होते, त्यांनीही कधी सही केली नव्हती. शास्त्रीय चित्रावर सही म्हणजे सरांच्या मते नमुन्यावर अंगठ्याचा डाग.

बाई ऐकता ऐकता प्रस्तावना चाळत होत्या. "सापडलीस. 'टंकलेखक श्री. साळुंखे, कु. शालन मगदूम व जीपचे चालक श्री. बाबू नदाफ यांचे साहाय्य झाले.' टंकलेखक आणि ड्रायव्हरच्या मधोमध. सीट बरी मिळाली तुला."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"नीट ऐक," त्या म्हणाल्या. "नेच्यांची चित्रं म्हटल्यावर समिती एखाद्या वनस्पतिशास्त्रवाल्याला विचारणार. तो कपाटातून हे पुस्तक काढणार. एकाच चित्राला दोन नावं दिसली की समिती चौकशी करत बसत नाही, अर्ज बाजूला ठेवते. मीही तेच करायचे. तुला या उकिडव्यांकडून एक ओळ लिहून आणावी लागेल. 'ही चित्रे शालन मगदूम यांनी काढली आहेत.' तारीख आणि सही. एवढंच."

"नवी दहा चित्रं काढली तर? एकतीस तारखेपर्यंत अवधी आहे."

"एका चित्राला किती दिवस लागतात?"

"अकरा. हंसराज असला तर चौदा."

"मग? गणित तुझं चांगलं असेल." त्यांनी माझं निवेदन ओढून घेतलं. ते मी टंकलिखित करून नेलं होतं, एक पान. त्यांनी ते दोनदा वाचलं. "यात नेचे आहेत, ठिपके आहेत, निबाची जाडी आहे. तू कुठाय?"

"आम्ही प्रयोगाच्या वहीत स्वतःबद्दल लिहीत नाही."

"हा प्रयोग नाही बाई, अर्ज आहे. अर्जात माणूस काहीतरी मागत असतो. तुला काय हवंय?"

"टेबल," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी पाकिटातून माहितीपत्रकाचं कापून ठेवलेलं चित्र काढलं. हिमाचलात, चंब्याच्या वरच्या अंगाला, त्या संस्थेनं कलावंतांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. जुलै ते सप्टेंबर राहायचं, काम करायचं, कुणाला हिशेब द्यायचा नाही. फोटोत त्यातली एक खोली होती. उत्तरेला खिडकी, खिडकीखाली टेबल, शेजारी खुर्ची. खुर्चीची उंची साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर धरून मी टेबलाची लांबी काढली होती. ती पाच फुटांच्या थोडी वर भरत होती. उत्तरेच्या खिडकीतून सूर्य थेट येत नाही, त्यामुळे सावल्या दिवसभर जागच्या हलत नाहीत. आणि टेबल रिकामं होतं. त्यावर कुणीही कुठलाही नमुना आणून ठेवलेला नव्हता. हे कात्रण मी सोळा महिने सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत ठेवलं होतं. प्रात्यक्षिक सुरू करताना पेटी उघडायची आणि संपल्यावर मिटायची, म्हणजे दिवसातून दोनदा ते टेबल दिसायचं.

बाईंनी कात्रण बराच वेळ पाहिलं.

"हे लिही," त्या म्हणाल्या. "जसं सांगितलंस तसं. आणि ती ओळ घेऊन ये."

* * *

सरांकडे मी दर शनिवारी जात असे. ते निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी शनिवार चुकला नव्हता. राजारामपुरीतलं बैठं घर, दारात सरांच्या पत्नीनं, काकूंनी लावलेली कर्दळ, आणि आतल्या खोलीत विभागातून आणलेलं सरांचं टेबल. ते त्यांनी विभागात होतं तसंच लावून घेतलं होतं, खिडकी डाव्या हाताला येईल असं. चित्रात उजेड डावीकडून, वरच्या कोपऱ्यातून यायचा, हा शास्त्रीय चित्रांचा नियम. सरांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता. ते उजव्या हाताचे, त्यांना ती खिडकी सोयीची. डाव्या हातानं काम करणाऱ्याच्या मात्र निबाच्या टोकावर त्याच्याच हाताची सावली पडते. मान थोडी कलती केली की भागतं. माझी अजूनही कलती आहे.

त्या शनिवारी काकूंनी दार उघडलं. "ये गं. सकाळपासून चारदा विचारून झालं, शालन आली का म्हणून. मी म्हटलं, घड्याळ बघा, दहाला येईल. दहाला आलीस."

"कोण, शालन?" आतून सरांचा आवाज. "लवकर ये. बातमी आहे."

सरांच्या डोळ्यांच्या मधोमध डाग वाढत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. बोलताना ते माझ्या कानाच्या बाजूला बघायचे, म्हणजे मग मी त्यांना दिसायचे.

"दुसरी आवृत्ती निघतेय," ते म्हणाले. "प्रकाशकाचं पत्र आलं. आपल्याला बारा जाती नव्यानं घालता येतील. आंबोलीच्या त्या दोन, राधानगरीची ती केसाळ देठाची. सगळे ताजे नमुने लागतील. जूनच्या शेवटाला जीपचं बघायचं, जुलैपासून तू चित्रांना बसायचं, सप्टेंबरअखेर हातावेगळं. मला आता दिसत नाही, पण तुला दिसतं ना? मग झालं."

जुलै ते सप्टेंबर. नेचे तेव्हाच ताजे असतात. कोल्हापुरात तेव्हाच आणि चंब्यातही तेव्हाच. मी मनाशी म्हणाले, आता सांगायचं. पण सरांच्या चेहऱ्यावर आनंद एवढा होता, की मी म्हणाले, "छान झालं, सर."

काकू चहा आणि दडपे पोहे घेऊन आल्या. "शालन नसती तर यांचं पुस्तक कुठलं व्हायला," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या नेहमी म्हणायच्या, पाहुण्यांसमोरही. सर नेहमी मान डोलवायचे. सगळ्यांना ते इतकं ठाऊक होतं, की लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

पोहे संपल्यावर मी म्हणाले, "सर, मला एक पत्र हवं होतं. एका अर्जासोबत जोडायला. चित्रांबद्दल."

"प्रमोशनचं?"

"तसंच काहीसं."

"मग सांगायचंस की! पॅड घे. मी सांगतो, तू लिही, खाली मी सही करतो."

मी पॅड घेतलं. सर खुर्चीत ताठ बसले आणि वर्गात सांगायचे तसं थांबत थांबत सांगू लागले. "श्रीमती शालन मगदूम यांना मी गेली बावीस वर्षे ओळखतो. स्वल्पविराम नको, पूर्णविराम. त्या अत्यंत कष्टाळू, वक्तशीर व विश्वासू आहेत. माझ्या ग्रंथासाठी मी तयार केलेल्या चित्रांच्या कामी, माझ्या मार्गदर्शनाखाली, त्यांचे मोलाचे साहाय्य झाले. झालं?"

"झालं, सर."

"मोलाचे लिहिलंस ना? ते राहायला नको."

"लिहिलं."

सही कुठं करायची ते त्यांना दिसेना. मी त्यांचा हात धरून पेनचं टोक ओळीवर ठेवलं. त्यांनी एका झटक्यात लपेटेदार सही केली. ती आधी होती तशीच होती, एक वेलांटीही हललेली नव्हती.

* * *

पुढच्या बुधवारी रजा टाकून मी पुन्हा पुण्याला गेले. तेलंगबाईंनी पत्र उघडलं, आणि वाचायच्या आधीच म्हणाल्या, "अक्षर तुझं आहे."

"सरांना दिसत नाही."

"म्हणजे त्यांनी सांगितलं आणि तू लिहिलंस?"

"हो."

"'मी तयार केलेल्या चित्रांच्या कामी.' हे तू स्वतःच्या हातानं लिहिलंस?"

बाईंनी पत्राची घडी घालून ते माझ्या बाजूला सरकवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या उठून आत गेल्या, दोन पेले ताक घेऊन आल्या, आणि उजेडपेटी लावली. ओळीतली सातवी स्लाइड उचलून मधोमध ठेवली.

"हिचं काय ते सांग मला. बाकीची नको."

ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बाईंना सांगितलं.

ग्रंथातलं ते सतरावं चित्र. हंसराज, विहिरीच्या कडांवर उगवतो, काळा चकचकीत देठ, पंख्यासारखी नाजूक पानं. चित्रं छापखान्यात जायच्या नऊ-दहा दिवस आधी सतराव्यावर शाई सांडली होती. सर तेव्हा आठ दिवसांसाठी दिल्लीला परिषदेला गेले होते. ते परत येईपर्यंत नवं चित्र तयार हवं होतं. आठ दिवस मी रजा टाकली आणि ते घरी काढलं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिवा उजव्या बाजूला ठेवून, रोज सोळा-सतरा तास. पहिल्यांदाच माझ्या हाताची सावली कागदावर नव्हती. ठिपका टेकायच्या आधी तो कुठं टेकणार हे मला दिसत होतं. मान कलती करावी लागत नव्हती. आठव्या दिवशी चित्र पूर्ण झालं, आणि तेव्हा लक्षात आलं की समोर जसा उजेड होता तसाच मी तो काढला आहे, उजवीकडून. चौसष्टांत एकटंच उलट.

"मग?"

"सरांनी ते पाहिलं. तेव्हा त्यांना सगळं दिसायचं. नवव्या चित्रात देठावर एक ठिपका जास्त होता म्हणून त्यांनी ते चार वेळा परत पाठवलं होतं. सतरावं त्यांनी भिंगाखाली धरलं. मी समोर उभी होते. बराच वेळ पाहिलं. मग काही न बोलता पाकिटात ठेवलं, स्वतःच्या हातानं चिकटवलं, आणि छापायला पाठवलं."

"आणि तू काय समजलीस?"

ताकाच्या पेल्यावर पाण्याचे थेंब धरले होते. ते मी बोटानं पुसले.

"सरांना माहीत होतं की हे चित्र उजव्या हाताच्या माणसाचं नाही. ज्याला बघता येतं त्याला ते कळणार. त्यांनी तेवढं एक राहू दिलं. तोंडानं बोलणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून तसं."

"असं त्यांनी सांगितलं?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"बारा वर्षं?"

"हो."

बाईंनी पेटीचा दिवा बंद केला. स्लाइड एकदम काळी झाली. "माझ्याकडे माणसं येतात ना," त्या म्हणाल्या, "त्यांना वाटतं मी त्यांना भाषा देणार. भाषा सगळ्यांकडे असते. मी फक्त विचारते की हे वाक्य खरं आहे का. शालन, तुझं हे जे वाक्य आहे, ते खरं असेल तर तो माणूस ती ओळ आनंदानं लिहून देईल. जाऊन विचार. शनिवारपर्यंत मी तुझा फॉर्म पाकिटात घालणार नाही."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. साताऱ्याच्या पुढं ऊन उतरून उजव्या बाजूनं आलं, माझ्या मांडीवर पडलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं. मी ते टेबल मनात पुन्हा मोजत होते. त्यावर मी काय ठेवणार, ते मला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी काहीच नाही.

* * *

शनिवारी दहाला मी सरांच्या दारात होते. काकू मंडईत निघाल्या होत्या. "आज ते पुस्तक उघडून बसलेत," जाता जाता म्हणाल्या. "तुला काय काय दुरुस्त्या सांगायच्यात म्हणे. चहा करून घे दोघांना, साखर त्यांना अर्धाच चमचा घाल, मागितली तरी."

सर टेबलाशी बसले होते. समोर ग्रंथ, शेजारी मूळ चित्रांची पेटी. ते बोटांनी पानं उलटत होते, कडेकडेनं काही दिसतं का ते बघत.

"पॅड घे," ते म्हणाले. "पहिल्या आवृत्तीत ज्या चुका राहिल्या त्या सांगतो. एकदा लिहून ठेवू म्हणजे तुझ्याही ध्यानात राहतील."

"सर, त्याआधी मला एक विचारायचं होतं."

"हे होऊन जाऊ दे, मग विचार. सूत्र तुटतं माझं."

मी पॅड घेतलं. त्यांना सगळं तोंडपाठ होतं. पान एकवीस, उंचीचा आकडा. पान चाळीस, गावाचं नाव. चित्र नऊ, काही नको, उत्तम आहे. मी लिहीत गेले. बाहेर काकूंच्या कर्दळीवर ऊन आलं होतं. खिडकीतून ते डावीकडून पॅडवर पडत होतं आणि निबाच्या टोकावर माझ्या हाताची सावली होती.

"आता सतरावं काढ पेटीतून," सर म्हणाले.

मी काढलं. बारा वर्षांनी मूळ चित्र नीट पाहत होते. स्लाइड्स काढून घ्यायला पेटी नेली होती तेव्हाही मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, स्टुडिओवाल्याच्या हातात देऊन मोकळी झाले होते. कागद कडेला किंचित पिवळा पडला होता. शाई जशीच्या तशी.

"आहे समोर?"

"हो, सर."

"उजेड कुठून आहे?"

मी म्हणाले, "उजवीकडून."

"हां." ते हसले, कानाच्या बाजूला बघत, खूप मायेनं. "तुला वाटलं असेल, सरांना कळलंच नाही."

"नाही सर. मला नेहमी वाटायचं की तुम्हाला कळलं होतं."

"कळणार नाही कसं? पाहता क्षणी कळलं. पण तू आठ दिवस झोपली नव्हतीस, डोळे असे लाल. आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात द्यायचं. म्हटलं, पोरीला आता बोललं तर रडेल. गिळलं. पण बारा वर्षं खुपतंय बघ ते मला. एवढा ग्रंथ, आणि मधेच एक चित्र कुणीतरी दुसऱ्यानंच काढल्यासारखं." त्यांनी चाचपडत माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. ते बरोबर देठाच्या सावलीवर पडलं, त्यांना न दिसता. "आता संधी आलीय तर एवढं एक आधी निस्तरू. मग नवी बारा घे. लिही. चित्र सतरा. उजेड डावीकडून घेऊन पुन्हा काढणे."

मी चित्राकडे पाहत होते. सूक्ष्मदर्शकात कधीकधी असं होतं. आपण तासभर एक रचना पाहतो, तिचं रेखाटनही करतो, आणि काच पुसल्यावर कळतं की ती नमुन्यात नव्हतीच, काचेवर होती.

पण चित्र तर होतं. हंसराजाची एकशे बारा पानं. प्रत्येकाची कड आतल्या बाजूला दुमडलेली, त्याखाली बीजाणूंचे पुंजके, आणि उजेड येतो तिथून येत होता.

सर थांबले होते. त्यांचे कान तीक्ष्ण झाले होते. निबाचा कागदावरचा आवाज त्यांना ऐकू यायचा.

"लिहिलंस?"

"नाही, सर."

"का गं? पेन संपलं?"

"नाही." मी पेनला टोपण लावलं. चित्र पेटीत परत न ठेवता माझ्यासमोर ठेवलं. आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं मला नवल वाटलं. "सतरावं मी पुन्हा काढणार नाही."

"अगं, चूक आहे ती."

"चूक असेल. पण माझी आहे. बाकीची त्रेसष्टही माझी आहेत, सर. मी एका अर्जात तसं लिहिणार आहे, आणि तुम्हीही तसं लिहून द्यावं अशी माझी इच्छा आहे. नाही दिलंत तरी अर्ज सोमवारी जाईल."

सरांचा हात टेबलावर होता, तो तसाच राहिला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"कसला अर्ज?" मग त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "आणि नवी बारा?"

"ती दुसऱ्या कुणाला तरी सांगा," मी म्हणाले. "त्यांनी मला घेतलं तर चंब्याला, नाही घेतलं तर माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पण सर, या जुलैत मी इथं बसणार नाही. मी माझी चित्रं काढणार आहे."